क्लचवरचा पाय

लेहमधली पहाट, साडेचारचा सुमार. बाहेर उणे १९. हॉटेलच्या अंगणात आमच्या तीन डिझेल गाड्या रात्रभर उघड्यावर उभ्या होत्या. बॅटरी गारठू नये म्हणून लॅपटॉप जॅकेटच्या आत पोटाशी धरून मी जिना उतरत होतो. खाली येऊन बघतो तर तिन्ही गाड्या चालू! सायलेन्सरमधून पांढरा धूर निघतोय आणि त्या धुरावर हात शेकत आमचे मामा उभे.

"साहेब, म्हटलं तुम्हाला थंडी वाजेल. अर्धा तास आधीच लावून ठेवल्यात. आता बसा, आत हीटर मस्त चाललाय."

मामा म्हणजे आमचे टेस्ट ड्रायव्हर. त्यांच्या मायेला तोड नव्हती. पण पुण्याहून आम्ही इतक्या लांब आलो होतो ते फक्त गारठलेली गाडी पहिल्या सेल्फला कशी उठते एवढंच बघायला. त्यासाठी इंजिन, तेल, कूलंट, टाकीतलं डिझेल, सगळं बाहेरच्या हवेइतकं थंड पडावं लागतं. त्याला अख्खी रात्र लागते. म्हणजे एका गाडीला दिवसाकाठी एकच सेल्फ. तो चुकला की दिवस गेला. मामांनी अर्ध्या तासात आमचे तीन दिवस शेकून काढले होते. लॅपटॉप जोडला तर कूलंट अधिक ४१ दाखवत होता.

रागवायचं तरी कसं? मी गाडीत बसलो आणि हीटरपुढे हात धरले.

त्या संध्याकाळपासून तिन्ही चाव्या माझ्या उशीखाली. आम्ही जे काम करतो त्याला आमच्या धंद्यात 'कॅलिब्रेशन' म्हणतात. गाडीचं इंजिन दुसऱ्यांनी बनवलेलं असतं, कंप्युटरचा डबाही दुसऱ्यांनी. त्या डब्यात हजारो आकडे भरायचं काम आमचं: इतकी थंडी असेल तर सेल्फला इतकं डिझेल, ग्लो प्लग इतके सेकंद, अमुक आरपीएमला अमुक दाब. ऑफिसात त्या डब्याला ईसीयू म्हणतात, गॅरेजमध्ये ईसीएम. गिऱ्हाईक म्हणतं 'सेन्सर'. काहीही बिघडलं तरी 'सेन्सर गेला'.

वीसेक वर्षं या कामात गेल्यावर लग्नाच्या पंगतीत शेजारी कोण बसणार याची मला भीती वाटते. कारण पहिला भात संपायच्या आत प्रश्न येतोच. नात्यातल्या एका वहिनींनी तर थेट तक्रारच केली होती, "यांनी दोन वर्षं रेटून रेटून गाडीला वाईट वळण लावलंय. आता मी हळू चालवली तरी ती झटके देते. कंप्युटर माणसाच्या सवयी शिकतो ना हो?"

शिकतो. पण वहिनींना वाटतं ते नाही.

पेट्रोल गाडीचं उदाहरण घ्या. १ किलो पेट्रोल पुरतं जळायला १४.७ किलो हवा लागते. हे गणित आम्ही आकड्यांत भरून देतो, पण कारखान्यातून निघालेल्या दोन गाड्या कधी तंतोतंत सारख्या नसतात. एकीचा इंजेक्टर केसभर जास्त सोडतो, दुसरीचा फिल्टर धुळीने भरलेला. म्हणून सायलेन्सरच्या पाइपात स्पार्क प्लगसारखा दिसणारा लॅम्डा सेन्सर बसवलेला असतो. १९७६ मध्ये बॉशचा हा सेन्सर पहिल्यांदा कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या व्होल्व्हो गाड्यांत बसला. तो धुरातला प्राणवायू हुंगतो आणि सांगतो, पेट्रोल जास्त झालं की कमी. जास्त असेल तर साधारण ०.९ व्होल्ट, कमी असेल तर ०.१. त्याचं ऐकून कंप्युटर क्षणाक्षणाला पेट्रोल मागेपुढे करत राहतो.

किराणा दुकानात दिवसभराची कच्ची वही असते आणि रात्री तिची बाकी पक्क्या खातेवहीत उतरवतात. इथेही तसंच. क्षणाची दुरुस्ती कच्च्या वहीत. तीच दुरुस्ती पुन्हा पुन्हा करावी लागली की ती पक्क्या वहीत जाते आणि दुसऱ्या दिवशी गाडी त्या आकड्यावरूनच सुरुवात करते. उधारी फार वाढली, साधारण २५ टक्क्यांच्या आसपास गेली, की कंप्युटर हात टेकतो आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लावतो. स्कॅनर लावला की पी ०१७१ नाहीतर पी ०१७२ दिसतं. पहिला म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, दुसरा म्हणजे जास्त होतंय.

या वहीत वहिनींचं नाव कुठेही नाही, त्यांच्या यजमानांचंही नाही. हिशेब आहे तो इंजेक्टरचा, फिल्टरचा, इंधनाचा. चावी काढल्यावरही डबा काही सेकंद जागा असतो, तो याच लिखापढीसाठी. म्हणून इंजिन बंद केल्या केल्या बॅटरीच्या टर्मिनलला पाना लावू नये. दुकानदार हिशेब लिहीत असताना शटर ओढायचं नाही.

थ्रॉटलचंही तेच. वर्षानुवर्षं त्याच्या पाकळीभोवती काजळी साचते. कंप्युटर तेवढी पाकळी जास्त उघडायला शिकतो आणि आयडलचे ८०० आरपीएम टिकवतो. एका सर्व्हिस सेंटरमधून मला घाबरलेला फोन आला होता, "सर, थ्रॉटल बॉडी चकाचक साफ केली आणि आता गाडी १५०० वर रेस होतेय." होणारच. घाण गेली, पण घाणीची सवय राहिली. शिकलेला आकडा स्कॅनरने पुसला आणि गाडी खाली बसली. त्या दिवशी फोन करणाऱ्या पोराने गिऱ्हाइकाला नवी थ्रॉटल बॉडी विकायची तयारी केली होती, हे जाता जाता सांगून ठेवतो.

आता पुन्हा मामांकडे. खरा किस्सा तिथे आहे.

लेहनंतर वर्षभराने आमच्या तीन नव्या डिझेल गाड्या चाकण परिसरात किलोमीटर भरायला सोडल्या होत्या. रोज शिफ्टमध्ये पळवायच्या, संध्याकाळी डेटा काढायचा. ३,००० किलोमीटरनंतर दोन गाड्या शांत आणि मामांची तिसरी मात्र खडखड वाजतेय. डिझेल वाजतंच, पण ही भांडी घासल्यासारखी वाजत होती.

असं का व्हावं, हे कळायला आतली एक गंमत माहीत हवी. कॉमन रेल डिझेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच दाबाच्या नळीतून, 'रेल'मधून, इंधन मिळतं अशा इंजिनात, मुख्य इंधनाच्या आधी एक अगदी छोटा फवारा मारतात, एक-दोन घन मिलिमीटरचा. मोहरीचा दाणा समजा. तो आधी पेटला की मुख्य स्फोट मऊ होतो आणि आवाज खाली येतो. पण इंजेक्टर झिजतो आणि मोहरीची कधी खसखस होते, कधी वाटाणा. म्हणून कंप्युटर मधूनमधून परीक्षा घेतो. तुम्ही ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढलाय, गाडी गिअरमध्ये नुसती घरंगळतेय, इंधन बंद आहे, अशा वेळी तो गुपचूप एकाच सिलिंडरमध्ये चिमूटभर डिझेल सोडतो. मग ते हळूहळू वाढवत नेतो आणि बघतो की क्रँकचा वेग कुठल्या क्षणी किंचित हलला. तो क्षण म्हणजे फवारा खरा कधी सुरू होतो याचा पुरावा. तुम्हाला आत काही जाणवत नाही. सिलिंडरमागून सिलिंडर, दाबामागून दाब अशी ही परीक्षा चालते.

दोन गाड्यांचं लर्निंग पूर्ण झालेलं. मामांच्या गाडीचा काउंटर शून्य. ३,००० किलोमीटर, आणि एकही धडा नाही!

आम्ही शहाणे लोक. आधी इंजेक्टरवर संशय घेतला. चारही बदलले. प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर बारीक अक्षरांत त्याचा कोड कोरलेला असतो. तो कोड म्हणजे त्याची जन्मखूण, आणि ती कंप्युटरमध्ये भरावी लागते. भिंगातून वाचून भरली. काउंटर शून्यच. मग वायरिंग तपासलं. मग सॉफ्टवेअरवाल्यांशी भांडलो. दोन आठवडे गेले.

शेवटी मी लॅपटॉप मांडीवर घेऊन मामांच्या शेजारी बसलो आणि चाकणहून नारायणगावच्या दिशेने निघालो. लर्निंगला लागणाऱ्या अटींची यादी स्क्रीनवर उघडी होती. कूलंट गरम, बरोबर. गिअर, बरोबर. ॲक्सिलरेटर शून्य, बरोबर. क्लच…

क्लचचा सिग्नल १ होता. दाबलेला. खेडचा घाट गेला तरी १. सरळ रस्त्यावर पाचव्या गिअरमध्येही १.

मी खाली वाकून पाहिलं. मामांचा डावा पाय क्लचवर टेकलेला, चप्पल काढून, आरामात.

"मामा, क्लच दाबलाय तुम्ही."

"कुठं दाबलाय? नुसता ठेवलाय हो."

नुसता ठेवलेला पाय. मामांनी आमच्याकडे येण्याआधी वीस वर्षं ट्रक चालवला होता. क्लच त्यांच्या पायाला चपलेसारखा झाला होता. पण पेडलच्या वरचा स्विच थोड्या मिलिमीटरांतच लागतो. कंप्युटरच्या लेखी मामा पुण्यापासून नाशकापर्यंत क्लच दाबून चालले होते. क्लच दाबलेला म्हणजे इंजिन आणि चाकं सुटी, म्हणजे क्रँकच्या वेगाचा भरवसा नाही, म्हणजे परीक्षा रद्द. रोज, ३,००० किलोमीटर.

मामांनी पाय उचलून बाजूच्या टेकणावर ठेवला. परतीच्या वाटेवर घाट उतरताना स्क्रीनवर पहिला आकडा उमटला. मग दुसऱ्या सिलिंडरचा. दोन दिवसांत गाडी गप्प झाली. चार नव्या इंजेक्टरांचा खर्च कुठल्या खात्यात दाखवला, ते विचारू नका.

माणसाच्या सवयीचा इंजिनाच्या कंप्युटरवर मी पाहिलेला सगळ्यात मोठा परिणाम हाच: तो मामांच्या सवयी शिकला नाही, मामांच्या सवयीमुळे त्याला स्वतःचंच काही शिकता आलं नाही.

या सवयीचीच मोठी बहीण म्हणजे घाटात न्यूट्रल मारणं. खंडाळ्याच्या उतारावर डिझेल वाचवायला अजून कितीतरी जण गिअर काढतात. ॲक्सिलरेटर सोडून गिअरमध्ये उतरलात तर इंजेक्टर बंद असतात, इंधन शून्य. न्यूट्रलमध्ये इंजिनाला स्वतःला जिवंत ठेवायला पेट्रोल-डिझेल लागतं. वर इंजिनाचा ब्रेक गेला तो वेगळाच.

मग सवयी शिकतं कोण? थोड्याफार शिकतो तो ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. १९९० च्या सुमारास पोर्शेच्या टिपट्रॉनिकने ड्रायव्हरचा पाय पाहून गिअर कधी बदलायचा ते ठरवायला सुरुवात केली. ॲक्सिलरेटर किती झटकन दाबता, ब्रेक किती उशिरा मारता, यावरून तो तुमच्याबद्दल मत बनवतो. पण ते मत बहुतेक वेळा काही मिनिटांचं असतं. सिग्नलला शांत उभे राहिलात की तुम्हाला माफी. २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर आपल्याकडे स्वस्त एएमटी, म्हणजे क्लच आणि गिअर आपोआप हलवणारे गिअरबॉक्स, आले. त्यांचाही कंप्युटर शिकतो, पण काय? क्लच प्लेट नेमकी कुठे टेकते ते. प्लेट झिजते तशी ती जागा सरकते आणि तो तिच्या मागे मागे सरकतो. पुन्हा स्वतःच्याच अंगाचा हिशेब.

तर वहिनींचे झटके? पाहिली गाडी. इंजिनाचं माउंटिंग गेलं होतं.

आता 'पिकअप'बद्दल बोलतो. हा शब्द उच्चारला की आमच्यातल्या कोणाशीही दोस्ती तुटू शकते. ॲक्सिलरेटरला आता तार नसते. तुम्ही पाय दाबता तो फक्त अर्ज असतो, मंजूर किती करायचं ते आमच्या तक्त्यात लिहिलेलं असतं. २० टक्के पाय दाबला की ३५ टक्के जोर द्या, असं लिहिलं की गाडी 'जिवंत' वाटते. इंजिन तेच, ताकद तीच. फक्त पुढची पोळी ताटात आधी वाढली. स्पोर्ट आणि इको बटणांत इंजिनापुरतं बहुतेक वेळा यापेक्षा फार वेगळं काही नसतं.

एकदा वरिष्ठांना निवड करायला तीन फायली दिल्या: अ, ब आणि क. अ आणि क अक्षरशः एकच होत्या. हा आमचा चावटपणा. एक साहेब 'अ' चालवून आले, म्हणाले, "वा, हिच्यात जान आहे." 'क' चालवून आले, म्हणाले, "ही जरा मेलेली वाटते." आम्ही तिघं खाली मान घालून वहीत काहीबाही लिहीत राहिलो. त्याच साहेबांनी पुढे माझं अप्रेझल केलं, म्हणून जास्त सांगत नाही. पण तेव्हापासून 'रिमॅप केल्यावर', म्हणजे डब्यातले आमचे आकडे बदलून घेतल्यावर, 'गाडी पळतेय' असं कोणी म्हटलं की मी आधी स्टॉपवॉच मागतो.

रिमॅपने ताकद खरंच वाढते, हेही खरं. टर्बो डिझेलमध्ये तर सहज. आमच्या सोसायटीतल्या एका पोराने गाडीला ट्यूनिंग बॉक्स लावला. ही डबी कंप्युटरला हातच लावत नाही. ती रेलच्या प्रेशर सेन्सरच्या वायरीत बसते आणि खोटं बोलते. रेलमध्ये १,३५० बार असले तर ती १,२०० सांगते. बिचारा कंप्युटर म्हणतो, दाब कमी पडतोय, वाढवा. तीन महिने पोरगा हवेत होता, मागच्या गाड्या काळ्या धुरात. मग ताम्हिणीत क्लच घसरायला लागला. माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, कंपनीवाले मुद्दाम ताकद दाबून ठेवतात ना?"

ठेवतो, आणि का ते सांगतो. तीच गाडी मे महिन्यात नागपुरात ४५ अंशांत, एसी लावून, सहा माणसं आणि टपावर सामान घेऊन, कुठल्या तरी पंपावरचं डिझेल पिऊन चालणार असते. तीही दहा वर्षं. क्लच, गिअरबॉक्स, टर्बो या प्रत्येकाने आमच्याकडे येऊन आपापली मर्यादा सांगितलेली असते. फियाटचं १.३ मल्टिजेट इंजिन आठवा, जे पुण्याजवळ रांजणगावातही बनायचं. स्विफ्ट, व्हिस्टा, पुंटो, लिनिया, जिथे तिथे तेच, म्हणून लोक त्याला 'राष्ट्रीय इंजिन' म्हणायचे. काहींत ते ७५ अश्वशक्तीचं, काहींत ९० चं. कट्ट्यावर सांगितलं जायचं की फरक फक्त सॉफ्टवेअरचा. नव्हता. ९० वाल्याचा टर्बोच वेगळा होता, पाती हलवणारा. २०२० मध्ये धुराचे बीएस-६ नियम आले आणि ते इंजिन आपल्याकडून गेलं.

आणि पोरांनो, आजच्या गाड्यांत कॅलिब्रेशनच्या बेरजेचा ताळा करणारा एक क्रमांक असतो. फाइल बदलली की तो बदलतो आणि सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरला दिसतो. गाडीत परस्पर फेरफार करू न देणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्याच्याही वर बसलेलं आहे.

कंप्युटरने समोरच्याला ओळखून वागणं बदलल्याची जगातली सगळ्यात गाजलेली गोष्ट आमच्याच धंद्यातली आहे, आणि ती सांगताना मान खाली जाते. प्रयोगशाळेत गाडी रोलरवर उभी असते. चाकं फिरतात, पण स्टीअरिंग कोणी वळवत नाही. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतलं सॉफ्टवेअर अशा खुणांवरून 'ही परीक्षा आहे' हे ओळखायचं आणि तेवढा वेळ शहाण्यासारखं वागायचं. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या छोट्या पथकाने धूर मोजायची यंत्रं गाडीतच लादून ती रस्त्यावर पळवली, एक पसाट तर लॉस एंजेलिसहून थेट सिॲटलपर्यंत. रस्त्यावरचे आकडे प्रयोगशाळेच्या कित्येक पट निघाले. त्या पथकात हेमंत कप्पण्णा आणि अरविंद थिरुवेंगडम हे दोन भारतीय होते. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकी सरकारने नोटीस काढली. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने चाचण्या घेतल्या आणि डिसेंबरात कंपनीने भारतातल्या ३,२३,७०० गाड्या परत बोलावल्याचं जाहीर केलं. त्या आठवड्यात आमच्या कँटीनमध्ये कोणी फारसं बोलत नव्हतं. असले आकडे भरणारा माणूस कुठल्या तरी टेबलावर आमच्यासारखाच डबा खात असणार, हे सगळ्यांना कळत होतं. २०२३ च्या एप्रिलपासून आपल्याकडेही रस्त्यावरच्या धुराची मोजणी लागू झाली. गाडीच्या मागे ती यंत्रांची पेटी लटकलेली दिसली तर समजा, आमच्यातलाच कोणीतरी आत घामाघूम झालेला आहे.

सध्या पंगतीत प्रश्न इथेनॉलचा असतो. इथेनॉलला किलोमागे ९ किलोच हवा लागते. २० टक्के मिसळलं की १४.७ चं गणित साधारण १३.५ वर येतं, म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन. जुन्या गाडीच्या पक्क्या वहीत हा आकडा स्वच्छ दिसतो, आणि बहुतेक वेळा तो मर्यादेत बसतो, म्हणून दिवा लागत नाही. ॲव्हरेज पडतं ते मात्र पडतंच. शिवाय जुन्या रबरी नळ्या आणि सील काही शिकत नाहीत. त्या बघून घ्या.

मामा आता निवृत्त झालेत, गावी असतात. मुलाने घेतलेली गाडी चालवतात. मागच्या दिवाळीत त्यांनी मला स्टँडवरून घरी नेलं. मी सवयीने खाली पाहिलं. पाय टेकणावर होता.

तुमचा कुठे असतो, एकदा बघा. आणि क्लचवर असेल तर काढा.